गाडीच्या ब्लूटूथवर कॉल येतात, गाणी मात्र फोनवरच वाजतात

मोकळा_रस्ता

नमस्कार मंडळी. फोन अँड्रॉइड १३ चा. गाडीत कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ आहे, त्यात साधं ब्लूटूथ आहे, अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा-गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) नाही. जोडणी होते, स्क्रीनवर फोनचं नाव येतं, कॉल गाडीच्या स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतो आणि पलीकडच्यालाही आवाज नीट जातो. तक्रारी पुढच्या गोष्टींच्या:

१. गाणं लावलं की ते फोनच्या स्पीकरवरच वाजतं. गाडी बंद करून चालू केली की कधीतरी येतं, पुढच्या वेळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.
२. रेडिओ चालू असताना नकाशाच्या सूचना अजिबात ऐकू येत नाहीत. कॉल मात्र रेडिओ तोडून येतो.
३. घरातला दुसरा फोनही याच गाडीला जोडलेला आहे. दोन्ही फोन गाडीत असले की कुठला लागेल ते गाडीच्या मर्जीवर.
४. गाणी येतात तेव्हा आवाज रेडिओपेक्षा बराच बारीक.

फोनमधून गाडी काढून टाकून पुन्हा पेअर करून झालं आहे, फरक नाही. स्टिरिओ बदलायचा नाही. सुरुवात कुठून करावी?

तांब्याची_तार

स्टिरिओ बदलायची गरज दिसत नाही. कॉल येतो याचा अर्थ ब्लूटूथचा रेडिओ, अँटेना, माइक, स्पीकर सगळं ठणठणीत आहे. घोळ प्रोफाइलचा आहे.

फोन आणि गाडी यांच्यात ब्लूटूथची जोडणी एक दिसते, पण आत तीन-चार वेगवेगळी कामं चालतात आणि प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं. कॉलसाठी एचएफपी: आवाज दोन्ही दिशांना, पण मोनो (डावा-उजवा एकच). गाण्यांसाठी एटूडीपी: एकाच दिशेने, स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). स्टिअरिंगवरची पुढे-मागे बटणं, गाण्याचं नाव आणि आवाजाची पातळी एव्हीआरसीपीकडे. फोनबुक गाडीत उतरवून घ्यायचं काम पीबॅपचं. यातलं कुठलंही एक बंद पडू शकतं आणि तरी स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ असंच दिसतं. तुमच्याकडे एचएफपी लागतंय, एटूडीपी लागत नाही किंवा उशिरा लागतंय.

पहिलं काम अर्ध्या मिनिटाचं. सेटिंग्ज, कनेक्टेड डिव्हाइसेस, गाडीच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह. तिथे ‘फोन कॉल्स’, ‘मीडिया ऑडिओ’ आणि संपर्क शेअर करण्याचं अशी बटणं असतात. मीडिया ऑडिओ बंद असेल तर चालू करा. चालूच असेल तरी एकदा बंद करून पुन्हा चालू करा. त्याबरोबर गाणी गाडीत आली, तर निदान पक्कं झालं.

ते बटण चालू असूनही आवाज फोनवरच राहत असेल तर गाणं वाजत असताना नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढा. गाण्याच्या चौकटीत आवाज कुठे जातोय ते दाखवणारं बटण असतं, तिथे ‘हा फोन’ऐवजी गाडी निवडा. इयरफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर त्याच वेळी जोडलेला आहे का तेही बघा, कारण गाण्यांचा आवाज साधारणपणे एकाच ठिकाणी जातो आणि खिशातल्या डबीत नीट न बसलेला इयरफोन तो गुपचूप पळवतो. काही फोनमध्ये ठरावीक ॲपचा आवाज वेगळ्या उपकरणावर पाठवायची सोय असते. ती कधीतरी चालू करून विसरली असेल, तर एकच ॲप फोनवर वाजतं आणि बाकीची गाडीत.

एवढ्यानेही भागलं नाही तर पेअरिंग नव्याने, पण या वेळी दोन्ही बाजूंनी पुसून. फक्त फोनमधून काढलं की गाडीच्या यादीत जुनी नोंद तशीच राहते, जोडणीच्या जुन्या गुप्त किल्लीसकट, आणि या फोनसाठी काय जोडायचं ही जुनी समजूतही बऱ्याच युनिटमध्ये (म्हणजे गाडीच्या स्टिरिओत) तिथेच असते. तुमचा पहिला प्रयत्न बहुधा इथेच फसला.

गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, इग्निशन चालू. बरीच युनिट्स गाडी चालू लागली की पेअरिंगचा मेनूच बंद करतात.

- फोनमध्ये गाडीवर ‘फर्गेट’. गाडीच्या मेनूत तुमचा फोन ‘डिलीट’. नुसतं ‘डिस्कनेक्ट’ नको.
- गाडीची यादी बघून घ्या. अशा यादीला मर्यादा असते, साधारण ५ ते १०. ती भरली की काही युनिट्स नवा फोन अर्धवट घेतात किंवा घेतच नाहीत, आणि त्याचं कारण स्क्रीनवर येत नाही. जुने, विकलेले, पाहुण्यांचे फोन काढून टाका.
- फोन रीस्टार्ट करा. स्टिरिओही: बऱ्याच युनिटमध्ये पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरलं की तो नव्याने सुरू होतो. तसं होत नसेल तर गाडी बंद करून, दार उघडून लावून काही मिनिटं थांबा. इग्निशन बंद केलं की स्टिरिओ लगेच झोपत नाही.
- गाडीत ‘नवीन फोन जोडा’ सुरू करा आणि फोनमध्ये ब्लूटूथचं पान उघडं ठेवा. ते पान उघडं असेपर्यंतच फोन इतरांना दिसतो.
- दोन्हीकडे तोच सहा आकडी अंक आला की दोन्हीकडे मान्य करा. जुनं युनिट पिन विचारत असेल तर ०००० किंवा १२३४, नाहीतर त्याच्या स्क्रीनवर दिसतो तो.
- संपर्क आणि कॉलची यादी देऊ का, असा प्रश्न फोनवर येतो. इथे घाईत ‘नाही’ दाबलं की गाडीत नावांऐवजी नुसते नंबर दिसतात.
- ‘फोन म्हणून’, ‘ऑडिओ प्लेयर म्हणून’ की दोन्ही, असं गाडी विचारत असेल तर दोन्ही. जुन्या काही युनिटमध्ये या दोन नोंदी वेगवेगळ्या मेनूत, दोनदा कराव्या लागतात. कॉल येतात आणि गाणी नाहीत याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे.

शेवटी गाडीत सोर्स ‘ब्लूटूथ ऑडिओ’ करा आणि मग गाणं लावा. काही युनिट्स सोर्स तिथे नेल्याशिवाय एटूडीपी उघडतच नाहीत.

पाचवा_गिअर

क्र. २ बद्दल. हा बिघाड नाही, वायरिंगच तसं आहे म्हणा. कॉल एचएफपीवरून येतो आणि एचएफपीला सोर्स तोडून मध्ये घुसायचा हक्क असतो, म्हणून रेडिओ गप्प होतो. नकाशाची सूचना जाते गाण्यांच्या वाटेने, एटूडीपीवरून. गाडीचा सोर्स रेडिओ असेल तर ती सूचना गाडीपर्यंत पोचते आणि तिथेच विरते. फोनला वाटतं आवाज गेला, म्हणून तो स्वतःच्या स्पीकरवरही काही वाजवत नाही.

तीन मार्ग आहेत. रेडिओऐवजी ब्लूटूथ सोर्सवरच राहा (रेडिओचं ॲप असेल तर उत्तमच). किंवा नकाशाच्या ॲपच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये ब्लूटूथवरून आवाज देण्याचा पर्याय बंद करा, म्हणजे सूचना फोनच्या स्पीकरवर येतील आणि रेडिओ चालू राहील. फोन डॅशबोर्डवर अडकवलेला असेल तर हा मार्ग सगळ्यात बिनकटकटीचा. तिसरा म्हणजे सूचना कॉलसारख्या पाठवणं. काही ॲपमध्ये ती सोय असते, पण प्रत्येक वळणाला स्क्रीनवर कॉल आल्यासारखं दिसतं आणि आवाज मोनो, डब्यातून आल्यासारखा. शहरात दर चौकाला हे झालं की माणूस वैतागतो.

आणखी एक, विचारलेलं नसलं तरी होणार आहे: ब्लूटूथ सोर्सवर असताना सूचनेचं पहिलं अक्षर किंवा पहिला शब्द खाल्ला जातो. ‘डावीकडे वळा’चं नुसतं ‘कडे वळा’. फोन शांत असला की तो एटूडीपीचा प्रवाह थांबवतो. सूचना आली की प्रवाह पुन्हा सुरू होतो, गाडीचा ॲम्प्लिफायर म्यूट उघडतो, आणि तेवढ्या वेळात पहिला शब्द गेलेला असतो. गाणं बारीक आवाजात चालू ठेवलं की प्रवाह उघडाच राहतो आणि शब्द तुटत नाहीत.

क्र. ३: गाडीच्या ब्लूटूथ मेनूत ‘प्राधान्य’, ‘फेव्हरिट’ किंवा ‘ऑटो कनेक्ट’ असं काहीतरी सापडेल. त्यात एक फोन पहिला ठरवा. असा मेनूच नसेल तर गाडी बहुतेक वेळा शेवटी जोडलेला फोन आधी शोधते. दोन फोन एकाच वेळी धरणारी युनिट्सही आहेत, एक कॉलसाठी आणि एक गाण्यांसाठी. तुमच्या क्र. १ चं कारण तेही असू शकतं! तुमचा फोन कॉलवर आणि घरातला दुसरा गाण्यांवर लागला, तर लक्षणं हुबेहूब तुम्ही लिहिलीत तशीच दिसतील. दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद करून गाडी चालू करा आणि बघा. दुसऱ्या फोनला फक्त कॉल हवे असतील तर त्याच्याच सेटिंगमध्ये या गाडीसाठी मीडिया ऑडिओ बंद करा, भांडण मिटलं.

लखलखाट

आवाज बारीक आणि दर्जा कमी वाटत असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (फोनचं एरवी लपलेलं सेटिंगचं पान) जाऊन कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, एलडीएसी करा. एसबीसी या साध्या कोडेकवर गाणी ऐकण्यात अर्थ नाही.

तांब्याची_तार

@लखलखाट, कोडेक दोन्ही टोकांना असावा लागतो. कंपनीच्या स्टिरिओत बहुधा एसबीसी असतो, काहींत एएसी. समोरच्याकडे एलडीएसी नसेल तर फोनमध्ये तो पर्याय निवडता येत नाही, किंवा निवडला तरी फोन मुकाट्याने एसबीसीवर परत येतो. शिवाय कोडेकचा आणि आवाजाच्या पातळीचा काही संबंध नाही. एसबीसीची एवढी हेटाळणीही नको. ४४.१ किलोहर्ट्झ, जॉइंट स्टिरिओ, बिटपूल ५३ या नेहमीच्या सेटिंगला तो सेकंदाला ३२८ किलोबिट नेतो. धावत्या गाडीत टायर आणि वाऱ्याच्या आवाजापुढे यातला फरक ओळखू येणं कठीण. गाणं डाउनलोड करताना ॲपमध्ये ‘हाय’ दर्जा निवडला आहे ना, ते बघणं जास्त कामाचं.

आवाज बारीक येण्याची कारणं वेगळी. फोन आणि गाडी यांचे आवाज स्वतंत्र असू शकतात. दोघांनाही एव्हीआरसीपीची ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ सोय कळत असेल, तर फोनचा आवाज आणि गाडीचा नॉब एकच होतात. एकाला कळत नसेल किंवा अर्धवट कळत असेल, तर फोन ६० टक्क्यांवर अडकून राहतो आणि तुम्ही नॉब पिळत बसता. म्हणून:

गाणं वाजत असताना फोनचं आवाजाचं बटण दाबून मीडिया पूर्ण वर न्या, मग गाडीचा नॉब तुमच्या नेहमीच्या जागी आणा. कॉलचा आवाज वेगळा असतो, तो कॉल चालू असतानाच बदलतो.

बटणाने काहीच फरक पडत नसेल किंवा एकदम बारीक-एकदम मोठा होत असेल, तर डेव्हलपर ऑप्शन्स उघडा (अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप) आणि ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करा. ब्लूटूथ बंद-चालू करा, नाहीतर बदल लागू होत नाही. आधी गाडीचा नॉब अगदी खाली आणा, कारण हे केल्यावर पहिलं गाणं कानठळ्या बसवणारं येऊ शकतं. त्याच पानावर एव्हीआरसीपीची आवृत्तीही बदलता येते, पण गाण्याचं नाव दिसत नसेल किंवा बटणं चालत नसतील तरच तिकडे हात लावा. बाकी त्या पानावर गंमत म्हणून काही बदलू नका.

याशिवाय कित्येक स्टिरिओंच्या साउंड मेनूत प्रत्येक सोर्सची पातळी वेगळी ठेवता येते. रेडिओच्या तुलनेत ब्लूटूथ तिथूनच दोन-तीन पायऱ्या वर घ्या.

आडवाटे

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे आयफोन आहे आणि गाडी जुनी: ब्लूटूथ नाही, पण पुढे ऑक्सचं भोक (वायरने बाहेरचा आवाज आत घ्यायचं) आहे. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर घ्यावा की ऑक्समध्ये लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर? आणि दुसऱ्या गाडीत (तिच्यात ब्लूटूथ आहे) आयफोनचा आवाज आपोआप कमी होतो, त्याचं काय?

खरखर

ऑक्स आहे म्हटल्यावर एफएम ट्रान्समीटरचा विचार सोडा. तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एखादी मोकळी जागा शोधून बारीकसं केंद्र चालवतो. एका गावातली मोकळी जागा पुढच्या गावात कुणाचं तरी केंद्र असते, मग गाण्यात बातम्या मिसळतात. ऑक्स नसेल तेव्हाचा तो उपाय.

ऑक्सचा रिसीव्हर घेताना तीन गोष्टी बघा. ३.५ मिमीचा मेल जॅक (भोकात जाणारी पिन) थेट असावा किंवा सोबत लहान वायर असावी. कॉलही हवे असतील तर त्यात एचएफपी आणि माइक असावा, नुसत्या एटूडीपीच्या रिसीव्हरवर कॉल आला की गाणं थांबतं आणि बोलायला फोन उचलावा लागतो. माइक असलेला घेतलात तर तो गिअरच्या खाचेत टाकू नका, सन व्हायझर किंवा स्टिअरिंगच्या आसपास चिकटवा. आणि तो कशावर चालतो ते बघा: स्वतःची बॅटरी की यूएसबीवरून वीज.

यूएसबीवरचा असेल तर एक ठरलेलं दुखणं येतं. इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती शिट्टी चढत जाते. अल्टरनेटरचा आवाज आहे तो. रिसीव्हरला ग्राउंड (वीज परत जायची वाट) दोन वाटांनी मिळतं, चार्जरमधून एक आणि ऑक्सच्या वायरमधून दुसरी, आणि त्या फेऱ्यात हा गुणगुणाट शिरतो. खात्री करायची तर रिसीव्हर चार्जरमधून काढून पॉवर बँकेवर लावा. शिट्टी गेली तर ग्राउंड लूपच. मग ऑक्सच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ३.५ मिमीचा एक येतो, एक जातो, वीज लागत नाही. स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये खालचे सूर थोडे पातळ होतात, तेवढं चालवून घ्यायचं. पॉवर बँकेवरही शिट्टी राहिली तर आयसोलेटर घेऊ नका. मग चोर स्टिरिओच्या स्वतःच्या अर्थिंगमध्ये आहे.

आयफोनचं: सेटिंग्ज, ब्लूटूथ, गाडीच्या नावापुढचा ‘आय’, त्यात ‘डिव्हाइस टाइप’. तिथे ‘कार स्टिरिओ’ निवडा. फोनने गाडीला हेडफोन समजून ठेवलं असेल तर कानांच्या सुरक्षेसाठीची मोठा आवाज कमी करणारी मर्यादा गाडीलाही लागते. त्याच पानावर ‘सिंक कॉन्टॅक्ट्स’ आहे, नावं दिसत नसतील तर ते चालू करा.

मोकळा_रस्ता

पाचवा_गिअर यांचा अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं की गाणी लगेच गाडीत. गाडीच्या यादीत जुने फोनही बरेच होते, ते काढले आणि दोन्ही बाजूंनी पुसून पुन्हा जोडलं. आवाजही आता बरोबरीचा आहे, मीडियाची पातळी अर्ध्यावर होती.

राहिलं एवढंच: गाणं मध्येच अडखळतं. फोन पँटच्या मागच्या खिशात असेल तर जास्त, आणि फोनचं हॉटस्पॉट चालू असेल तर हमखास. लॅपटॉपला नेट द्यायचं असतं, त्यामुळे हॉटस्पॉट बंद ठेवणं शक्य नाही.

पाचवा_गिअर

आधी डाउनलोड केलेलं गाणं लावून बघा. तेही अडखळत असेल तर ब्लूटूथ, नसेल तर नेट.

तुम्ही दिलेल्या दोन्ही खुणा ब्लूटूथकडेच बोट दाखवतात. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ही लहर पाणी शोषून घेतं. माणसाच्या शरीरात पाणीच पाणी, त्यात मागचा खिसा म्हणजे वर तुम्ही आणि खाली सीट. फोन डॅशबोर्डच्या होल्डरवर किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, पण धातूच्या झाकणाखाली नको.

हॉटस्पॉटही २.४ वरच असेल तर फोनमधला रेडिओ तोच पट्टा दोन कामांना आळीपाळीने वापरतो आणि गाण्याला जागा कमी पडते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा. ‘जास्त उपकरणांशी जुळेल’ अशा अर्थाचा पर्याय चालू असेल तर तो २.४ वर ढकलतो, तो बंद करा. लॅपटॉप फारच जुना असेल तर त्याला ५ दिसणार नाही. मग यूएसबी केबलने टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट वायरने लॅपटॉपला. वायर लागते, पण गाणं अडखळत नाही आणि फोनही जरा चार्ज होत राहतो.

पुढेमागे वायरलेस अँड्रॉइड ऑटोवाली गाडी घेतलीत तर गणित बदलेल. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख पटवून देतं आणि कॉल नेतं, गाणी आणि नकाशा ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरून जातात. फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा लागतो. त्या गाडीत ब्लूटूथच्या पानावर मीडिया ऑडिओ बंद दिसला तर तो दुरुस्त करायला जाऊ नका.

खरखर

यादीतून काढलेल्या फोनांवरून एक आठवण: पीबॅपने उतरवलेलं फोनबुक गाडीच्या स्मृतीत राहतं. गाडी विकताना किंवा भाड्याची परत करताना फोनमधून ‘फर्गेट’ केल्याने ते जात नाही. गाडीच्या मेनूतून फोन डिलीट करा, आणि विकत असाल तर स्टिरिओचं फॅक्टरी रिसेटच करा. त्याआधी मॅन्युअलमध्ये अँटीथेफ्ट कोडचं पान शोधा. काही स्टिरिओ बॅटरीची वायर काढली किंवा फ्यूज ओढला की तो कोड मागतात, आणि तो हाताशी नसेल तर रेडिओसकट सगळंच बंद.